बारा नंबरचा अंगठा

फेब्रुवारी २००९, मंगळवार. राजारामपुरीतल्या शाळेत नव्या रेशनकार्डांसाठी यंत्रावर अंगठे घ्यायचं शिबिर. हजर: ऑपरेटर, शिपाई, यादी धरून मी, याच शाळेतली शिक्षिका, आणि भली मोठी रांग. पुरवठा खात्याचे साहेब गैरहजर.

बाराव्या नंबरला आजऱ्याहून लेकीकडे राहायला आलेली एक मावशी होती. यंत्रानं तिचा अंगठा पाच वेळा नाकारला. दर वेळी ती तो पदराला पुसायची, फुंकर मारायची आणि पुन्हा ठेवायची. अंगठा उमटला नाही तर धान्य बंद, हे तिला ठाऊक होतं.

"मावशी, जोरात दाबा की," ऑपरेटर वैतागला.

"दाबतोय की, पावणं. काजू फोडून त्येच्या चिकानं बोटावर रेघाच न्हाईत ऱ्हायल्या." मग ती माझ्याकडं वळली. "बाई, साक्षरतेच्या वर्गात तुमच्यासारख्याच मास्तरीणबाईनं माझा अंगठा सोडवला, सही शिकवली. आता सही घ्या की."

यंत्रात सहीला जागा नव्हती. कष्टाचे हात असेही असतात, हे ते बनवताना कुणी विचारातच घेतलं नव्हतं. मी यादीच्या समासात तिची सही घेतली. अक्षर ठसठशीत होतं. पुढं काय करायचं, हे विचारणारी तीन पत्रं मी साहेबांना पाठवली. उत्तर आलं नाही. यादीत बारा नंबरपुढं बरोबरची खूण अजून करायची आहे.