बेटावरचा खोटा उपवास

मंडळी, आज दुपारी पेरूहून हार्लेमला घरी पोचले. बॅग उपसताना चकलीचं रिकामं पाकीट हातात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

ऑफिसच्या कामाला गेले होते, तिथून वीकेंडला टिटिकाका सरोवरातलं एक बेट गाठलं. ज्या आजींच्या घरी उतरले, त्यांच्या चुलीवर मडकं होतं. त्यात मांसच असणार, असं मी ठरवूनच टाकलं. शाकाहार समजावत बसायचा कंटाळा आला, म्हणून गाइडला म्हटलं, "त्यांना सांग, आज माझा उपवास आहे." आणि खोलीत जाऊन चकल्या खाल्ल्या.

सकाळी गाइड म्हणाला, "पाहुणी उपाशी, म्हणून आजीही जेवल्या नाहीत."

आणि मडक्यात काय असावं, सांगा बघू? नुसते उकडलेले बटाटे. खऱ्या उपवासालाही चालले असते.