कानांनी पाहिलेली कुस्ती

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून इतक्या लांब की रिक्षावाला आधी मान हलवतो आणि मग बसा म्हणतो, अशा ठिकाणी कलावतीबाईंचा फ्लॅट आहे. क्रिकेटचा सामना असला की त्यांचे यजमान गुणाजी टीव्हीसमोर ठाण मांडतात आणि कलावतीबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापतात. सामना मात्र दोघंही बघतात. "गेला वाटतं," असं त्या तव्यापाशी उभ्या राहून म्हणतात आणि गुणाजींनी चष्मा सारखा करेपर्यंत पंचाचं बोट वर गेलेलं असतं. कोण जिंकणार हे प्रेक्षकांच्या आवाजावरून कळलं की त्या कान मिटून घेतात आणि फोडणीला लागतात. शेवट बघायला बाहेर येण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही.

ही विद्या माहेरची. माहेर साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं, आणि वडील म्हणजे आबा हे पंचक्रोशीत नावाजलेले पैलवान. पैलवानाच्या लेकीने ढीगभर कुस्त्या पाहिल्या असतील असं कुणालाही वाटेल. पण यात्रेतल्या कुस्त्यांचा फड ओढ्यापलीकडे भरायचा आणि तिकडे बायकांनी फिरकायचं नाही, असा गावचा रिवाज. का, असं विचारलं तर पुरणाची डाळ शिजली का बघ, एवढंच उत्तर मिळायचं. मग कलावती उंबऱ्यावर बसून कान लावायची. हलगी सावकाश वाजतेय म्हणजे पैलवान सलामी देतायत. घाई करू लागली की झोंबाझोंबी सुरू झाली. गावचा गडी जिंकला तर लोकांच्या गलक्यात हलगी बुडून जायची, हरला तर ती एकटीच वाजत राहायची.

एका वर्षी ती एकटीच वाजत राहिली, आणि कुस्ती आबांची होती. कलावती कणगीमागे जाऊन रडली. दिवेलागणीला आबा हसत घरी आले आणि म्हणाले, "कला, लई झ्याक कुस्ती झाली बघ." बाप आपल्यासाठी उसनं हसतोय, हे पोरीने ओळखलं. ती बाहेर आलीच नाही. रोज पाण्याचा तांब्या तीच द्यायची, तो त्या दिवशी आईने दिला. आबा पुढे बरीच वर्षं जगले, पण त्या कुस्तीचा विषय दोघांत कधी निघाला नाही. आबा मोडून घरी आले आणि आपण साधं पाणी नेलं नाही, ही बोच कलावतीबाईंनी लग्नात रुखवताबरोबर डोंबिवलीला आणली. आयुष्यात एक तरी कुस्ती समोर बसून बघायची, हेही तेव्हापासूनच मनात. पण सासरच्या गावीही रिवाज तोच निघाला. गुणाजी दर वर्षी फडात पुढे बसायचे आणि घरी येऊन निम्मंच सांगायचे.

यंदा मुलाने आईवडिलांना बँकॉकला पाठवलं. सहल कल्याणच्या एका छोट्या कंपनीची, आणि बरोबर देवेश नावाचा हरहुन्नरी मुलगा, जो सकाळी पासपोर्ट सांभाळायचा आणि संध्याकाळी लोणचं वाढायचा. शेवटच्या संध्याकाळी मंडळी मॉलमध्ये शिरली. तेवढ्यात कलावतीबाईंच्या कानांवर ढोलकं आलं, वर सनईसारखं काहीतरी. त्या जागीच थांबल्या. देवेश म्हणाला, बाहेरच्या चौकात रिंगण बांधलंय, थाई बॉक्सिंग आहे, पाहुण्यांसाठी फुकट, पण जेवणाच्या बसला उशीर करू नका.

गुणाजींचं मत असं की फुकट आहे म्हणजे लुटुपुटीचं असणार. "यात्रेतल्या कुस्त्यांना तुम्ही तिकीट काढता वाटतं," असं म्हणून कलावतीबाई चालू लागल्या. चौकात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुरुष होते, बायका होत्या, गोऱ्या पोरी आइस्क्रीम खात होत्या. कुणी कुणाला हटकत नव्हतं. गुणाजींनी दुसऱ्या रांगेत जागा धरली आणि पहिली झुंज सुरू होताच लुटुपुटीची भाषा विसरून पुढे सरसावले. लाथ काय, कोपर काय, गुडघा काय! ढोलकं घाई करू लागलं तशी कलावतीबाई म्हणाल्या, "आता पडणार." आणि खरंच एक जण पडला. गुणाजींनी कौतुकाने बायकोकडे पाहिलं, तर बाई मान खाली घालून, डोळे मिटून बसलेल्या.

"अगं, बघायला आलीस ना? मग बघ की."

कलावतीबाईंनी डोळे न उघडताच पदर सावरला. मग म्हणाल्या, "भीती वाटते हो. हलगी ऐकली की मला आबा दिसतात. डोळे उघडले आणि दिसायचे बंद झाले तर?"

गुणाजी सहसा चिडवायची संधी सोडत नाहीत. ही सोडली. म्हणाले, "मी आहे शेजारी. उघड."

दुसऱ्या झुंजीला त्यांनी डोळे उघडले. लाल चड्डीतला एक सडपातळ पोरगा रिंगणभर फिरला, गुडघे टेकून त्याने वाकून नमस्कार केला, पुन्हा केला. ढोलकं सावकाश चाललं होतं. आबा अंगणात तिला सलामी करून दाखवायचे ती अशीच, आधी मातीला हात, मग कपाळाला. कलावतीबाईंना रडू आलं आणि हसूही आलं, कारण आबा तिथेच होते. मग झुंज लागली. त्या मनातल्या मनात लाल चड्डीच्या बाजूने झाल्या, आणि तो हरला.

सवयीने त्यांचे डोळे मिटत होते. इथून पुढचं ऐकण्यासारखं काही नसतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण गुणाजींनी कोपराने ढोसलं. हरलेला पोरगा उठला, जिंकणाऱ्याच्या कोपऱ्याकडे गेला, तिथल्या म्हाताऱ्या वस्तादाला हात जोडले. वस्तादाने आपल्या हाताने त्याला पाणी पाजलं. जिंकलेला धावत आला, त्याने याला मिठी मारली, आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागले. मनापासूनचं, दमलेलं हसणं.

"हे आपल्याकडेपण करतात?" कलावतीबाईंनी विचारलं.

"गळाभेट? घेतातच की. तुझ्या आबांना तर मी आमच्या गावच्या फडात स्वतः पाहिलंय, पाडणाऱ्याला उचलून नाचायचे. तुला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगणार? हलगीत ते वाजत नाही."

म्हणजे त्या दिवशी आबा खोटं हसले नव्हते. कुस्ती झ्याक झाली होती, म्हणून झ्याक म्हणाले होते. त्यांना पाणीही कुणीतरी तिथेच पाजलं असणार. इतकी वर्षं उगाच बाळगलेली बोच त्या परक्या चौकात निघून गेली आणि कलावतीबाईंना कडकडून भूक लागली. बस अर्थातच निघून गेली होती. दोघांनी पिशवीतल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी तिथेच खुर्चीवर बसून खाल्ली आणि उरलेल्या सगळ्या झुंजी शेवटपर्यंत पाहिल्या.

आता डोंबिवलीत सामना असला की भाकऱ्या आधी होतात. निकाल लागला की गुणाजी रिमोट उचलतात.

"थांबा," कलावतीबाई पदराला हात पुसत बाहेर येऊन बसतात. "त्यांना भेटू तरी द्या एकमेकांना."