बिनमताचं घर

साहेबांना नेलं तेव्हा ते जेवत होते. इराकी शिपायांनी हातसुद्धा धुऊ दिले नाहीत. भात लागलेल्या हातांनीच त्यांना गाडीत कोंबलं. मॅडम दारापर्यंत धावली, एकाने बंदुकीच्या दस्त्याने तिला मागे ढकललं. दोन मुली टेबलाखाली होत्या. मी ताटं उचलली. दुसरं काय करणार?

कुवेतच्या त्या घरात मी स्वयंपाकाला होते. रत्नागिरीकडची, चौथी पास, नवरा मेल्यावर आलेली. बाकीच्या हिंदी बायका जॉर्डनमार्गे निघून गेल्या. माझा पासपोर्ट साहेबांच्या तिजोरीत होता आणि किल्ली त्यांच्या खिशात. ती त्यांच्याबरोबर गेली. म्हणून मी राहिले, मायेने नव्हे.

इराकच्या ताब्यातून कुवेत सुटलं. पुष्कळ कैदी परतले, साहेब नाही. मेल्याचाही कागद नाही. दुसऱ्या वर्षी मजलिस, म्हणजे तिथली बंद पडलेली संसद, पुन्हा भरवायचं ठरलं, निवडणूक लागली. मॅडमला एवढंच हवं होतं की कुणीतरी मजलिसीत उभं राहून विचारावं, नेलेली माणसं कुठे आहेत.

तिथे उमेदवार घरोघरच्या दिवाणियात जातात. दिवाणिया म्हणजे पुरुषांची बैठक, तिचं दार वेगळं. आमची साहेबांना नेल्यापासून बंद होती.

"उघडली तर येतील?" मॅडमने विचारलं.

"न येऊन जातील कुठे? आमच्या गावात मताच्या वेळी विधवेच्या दारातही हात जोडून उभे राहतात."

"तुला मत आहे?"

"आहे की."

"चौथी शिकून?"

"मतपेटी शाळा विचारत नाही, मॅडम."

ती हसली नाही. ती कॉलेज शिकलेली, पण तिथे बाईला मतच नव्हतं. गावात विधवेच्या दारात येतात ते तिच्या मतासाठी, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

आम्ही गालिचे झाडले, बाहेरचा दिवा लावला. चाळीस माणसांचा गहवा, म्हणजे तिकडची कॉफी, केला, वेलदोडे घालून. बाईने पुरुषांत बसायचं नाही, म्हणून मॅडमचा भाऊ येऊन बसला; त्याचं मत दुसऱ्या मतदारसंघात. शेजारच्या घरात चार मुलगे, चार मतं. सगळ्या मोटारी तिकडे. आमच्या भिंतीला लावायच्या आणि तिकडे जायचं.

एकच उमेदवार आत आला. गहवा घेता घेता म्हणाला, "या घरात मतं किती?"

"एकही नाही," भाऊ म्हणाला.

मॅडमने साहेबांबद्दल लिहिलेला अर्ज मी तबकातून त्याच्यापुढे ठेवला. त्याने पेला हलवला. तिकडे पुरे म्हणायची ती खूण. मग पेला त्या अर्जावर ठेवून तो उठला. आतल्या दाराच्या फटीतून मॅडम बघत होती.

"ओतून टाक सगळा," ती मला म्हणाली.

"चाळीस जणांचा आहे."

"ओत म्हटलं ना! आणि तुझं गाव तुझ्यापाशी ठेव."

इराकचं सरकार पडल्यावर तिकडच्या वाळवंटात हाडं सापडली. मुलींच्या रक्तावरून ती साहेबांची ठरली. मॅडमची मूत्रपिंडं तेव्हा निकामी झाली होती. तिने ऐकलं. दोन महिन्यांत गेली. त्यानंतर बायकांना मत देणारा कायदा झाला. पुढच्या निवडणुकीला दोन्ही मुली मत देऊन आल्या आणि जेवायला बसल्या. मी वाढलं.

त्या घरातल्या त्या दोघी आणि मी, एवढ्याच जगलो.