सिद्रामअप्पांचे सदतीस दाणे

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मला हसूच येतं. मी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काम करते... तिथे प्रत्येक गोष्टीला कारण असतंच. ही एक सोडून.

दुष्काळाचं वर्ष. शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं माझं माहेर, आठ दिवसांतून एकदा पाणी. पंप चालवणाऱ्या डब्यातला प्रोग्राम माझा. तो मेमरी घ्यायचा, परत द्यायचा नाही, आणि सगळी संपली की डबा गपगार! मागच्या वेळी पाणी सोडतानाच अडकला आणि वरची गल्ली कोरडी राहिली. उद्या पुन्हा पाणी सोडायचं होतं. शरमेने मी स्वतःच लॅपटॉप घेऊन आले.

पंपाची राखण सिद्रामअप्पांकडे. सत्तरी उलटलेली, गळ्यात इष्टलिंग, अक्षरओळख नाही. डबा वेगळं काही करायला लागला की नोंद ठेवा, असं मी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी माझ्यापुढे ज्वारीच्या दाण्यांची वाटी ठेवली.

"हे काय अप्पा?"

"तूच म्हन्लीस न्हवं, नोंद ठेवा? आज सकाळधरनं त्यानं जवा जवा श्वास घेतला अन् सोडला न्हाई, तवा एक दाना टाकायलोय."

मी हसले. मग हरवलेली मेमरी शोधणारं टूल चालवलं. सदतीस तुकडे. दाणे मोजले — सदतीस. परत मोजले... तितकेच. डब्याला ना दिवा, ना आवाज. पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर पार विहिरीत, आणि अप्पा लिंबाखाली!

चूक माझीच निघाली. विहिरीचं पाणी तळाला गेल्यामुळे सेन्सर मधूनच चुकीचा आकडा द्यायचा. तेवढ्या वेळी माझा कोड घाईने बाहेर पडायचा आणि घेतलेली मेमरी परत द्यायचं विसरायचा. पुण्यात माझ्या टेबलावर सेन्सर कायम बादलीभर पाण्यात, तिथे हे कसं दिसणार? दुरुस्त केलं, त्या दिवशी पहिल्यांदाच मोटर लावून बघितली. टूल म्हणालं, शून्य.

अप्पांनी वाटीत एक दाणा टाकला.

"अप्पा, आता काही नाही. मशीनच सांगतंय."

"सांगू दे की. मोटर लागताना घेतलंय त्यानं. लई मोठं घेतलंय."

मी चिडलेच. पण ते सदतीस डोक्यातून जाईनात. मोटरचा कोड ओळ न् ओळ वाचला... आणि होतं! काम संपलेला एक भलामोठा तुकडा, पण त्याचा पत्ता जुन्या यादीत तसाच राहिलेला. म्हणून टूलला वाटायचं, तो वापरात आहे. आमच्याकडे लाइट दहादा जाते; डबा बॅटरीवर चालूच राहतो, पण मोटर तितक्यांदा नव्याने लागते. उद्या डबा पुन्हा अडकलाच असता. तोही दुरुस्त केला, मोटर पुन्हा लावली. अप्पा हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी वरच्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं. मी अप्पांना विचारलं, "तुम्हाला कळतं तरी कसं?"

त्यांनाच नवल वाटलं. "मला काय इचारतीस, माय? त्याला तू बनिवलंस. तुला न्हाई कळत?"

  मी वाकून त्यांच्या पाया पडले, आणि हे ऑफिसात अजून कुणालाही सांगितलेलं नाही.