हार घालण्याजोगा फोटो

निवृत्तीनंतर काहीतरी छंद हवा म्हणून माझ्या नवऱ्याने कॅमेरा घेतला आणि पहिल्याच आठवड्यात त्या कॅमेऱ्याची बॅग उचलताना त्याच्या कंबरेत उसण भरली. तोवर त्याने आम्हा दोघांची नावं एका फोटोग्राफीच्या फेरीत घालून ठेवली होती. त्र्यंबक रस्त्यावरच्या एका टेकडीवर चढायचं, मावळत्या सूर्याचे आणि खाली पसरलेल्या गंगापूर धरणाच्या पाण्याचे फोटो कसे काढायचे ते एक जाणकार शिकवणार, आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं. "आता तू एकटीच जा," नवरा पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून म्हणाला. मी म्हटलं, सूर्य आपल्या गच्चीवरूनही मावळतो, त्यासाठी मला टेकडी चढायची हौस नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "मी जाते तिच्यासंगं."

सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या. माहेर सटाण्याकडचं, आणि नाशिकमध्ये आयुष्य गेलं तरी बोलणं तिकडचंच राहिलेलं.

"अहो आई, तिथे डोंगराचे फोटो काढतात," मी समजावलं.

"काढू दे ना! डोंगराचे काढून झाले का माझा काढतील. एवढे सारे फोटोवाले एका जागी परत कुठं भेटायचे?"

याला कारण होतं. त्याच वर्षी देवळ्याला त्यांची धाकटी बहीण वारली. दहाव्याला गेलो, तर पाटावर हार घालून ठेवलेला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला. आधार कार्डावर तसं कोणीच बरं दिसत नाही, पण मावशी म्हणजे पोलिसांनी नुकत्याच पकडून आणल्यासारख्या दिसत होत्या. जन्मभर गावात देखणी म्हणून मिरवलेली बाई! परतीच्या वाटेवर ओझर आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझा असला लावाल तर बघा."

त्या दिवसापासून घरात त्यांच्या फोटोची शोधाशोध सुरू झाली. सगळे अल्बम उपसले. सासूबाई प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात होत्या, पण पाठमोऱ्या, नाहीतर पंगतीत वाढताना, नाहीतर अर्ध्या, नाहीतर नेमके डोळे मिटलेल्या. मग त्यांना स्टुडिओत नेलं. तिथल्या माणसाने त्यांना इतकं गोरं केलं आणि मागे बर्फाचे असे काही डोंगर लावले, की शेजारच्या काकूंनी फोटो बघून विचारलं, या कोण? "ही बाई मेली तर हा लावा," सासूबाई फोटो उलटा ठेवत म्हणाल्या. "मी मेले तर माझा पाहिजे."

तर अशा आम्ही दोघी निघालो. सासूबाईंनी जांभळी पैठणी नेसली होती, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा, आणि डोंगर चढायचा म्हणून पायात माझ्या मुलाचे पोपटी बूट. बाकीची मंडळी मातकट रंगाच्या, खिसेच खिसे असलेल्या कपड्यांत. आमच्या वाटाड्या-शिक्षकाने केसांची शेपटी बांधली होती. एका खिशातून शिट्टी आणि दुसऱ्यातून राजगिऱ्याचा लाडू काढून झाल्यावर त्याने डोळे मिटून सांगितलं, "आधी निसर्गाला फील करा. आणि एकच नियम. फ्रेममध्ये माणूस नको. माणूस आला की लँडस्केप संपला."

"याचं लग्न झालेलं नसंल," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या.

चढ तसा सोपाच होता, पण शिक्षक दर वळणाला थांबून गवताच्या पात्याकडे कसं बघायचं ते सांगायचा, आणि सगळे पाच मिनिटं त्या पात्याकडे बघायचे. मी ढिम्म काही बघत नव्हते. नवऱ्याचा कॅमेरा माझ्या गळ्यात लोढण्यासारखा लटकत होता आणि तो सुरू कुठून करतात हेही मला ठाऊक नव्हतं. माझ्या नाकावर मुळातच राग असतो, त्यात गवताची कुसळं सलवारीत घुसलेली. सासूबाई मात्र पदर खोचून सगळ्यांच्या पुढे.

वर पोचलो तेव्हा ऊन मऊ झालं होतं. सगळ्यांनी पश्चिमेकडे तोंड करून आपापले ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिवया, ओळीने मांडल्या. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांची लेन्स दुधीभोपळ्याएवढी. सगळे एक डोळा मिटून श्वास रोखून उभे राहिले. आणि सूर्याच्या बरोबर समोर, कड्याजवळच्या सपाट खडकावर, सासूबाई जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, जरा डावीकडे," शिक्षक अदबीने म्हणाला.

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि डावीकडे सरकल्या.

"अजून थोडं. अजून. हां, अजून."

सासूबाई सरकत राहिल्या. खडक संपला, बोरीचं झुडूप आलं, तरी हा म्हणतोय अजून. शेवटी त्या झुडपाच्या पलीकडे पोचल्या, नथ नीट केली, मान ताठ केली आणि ओठ न हलवता विचारलं, "हसू का नको?"

शिक्षकाचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. त्याने नुसता अंगठा वर केला. "परफेक्ट! अगदी अश्शाच राहा, आजी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा त्यांना फ्रेमच्या बाहेर काढत होता, आणि त्यांना वाटत होतं, आपला फोटो नीट यावा म्हणून तो जागा देतोय. त्या तशाच उभ्या राहिल्या, हनुवटी वर, श्वास धरून, पापणीसुद्धा न लववता. सगळे कॅमेरे खटाखट वाजत होते आणि त्यातला एकही त्यांच्याकडे नव्हता. दर आवाजाला त्या मान आणखी ताठ करत होत्या.

मला एकदम भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी भांडते. मी तरातरा पुढे गेले आणि सगळ्या तिवयांच्या समोर, सूर्याला पाठ करून उभी राहिले.

"मॅडम, फ्रेम!" शिक्षक ओरडला.

"माणूस आला की संपतो ना तुमचा लँडस्केप? घ्या, संपवला!"

"अहो, पाचच मिनिटं लाइट आहे!"

"म्हणूनच म्हणते! सूर्य उद्याही मावळणार आहे. तुम्ही उद्या या, परवा या. पण ही बाई..." पुढचं मला बोलवेना, कारण सासूबाई ऐकत होत्या. मग मी आवाज खाली आणून देवळ्याच्या मावशींचा आधार कार्डाचा फोटो सांगितला. फार नाही, दोन वाक्यांत. ओझरच्या काकांनी चष्मा पुसला, दुधीभोपळा उचलला आणि तिवईसकट सासूबाईंकडे वळवला. मग शेजारच्याने वळवला, मग त्याच्या शेजारच्याने.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "आता परत कशाला? मघापासून मी काय खांब शे का उभी?" चिडल्या की त्यांची अहिराणी बाहेर पडते. "मघाचे काढले ते काय झाले?"

शिक्षक बुटांकडे बघायला लागला.

"मघाशी उजेड डोळ्यांवर येत होता, आई," काका शांतपणे म्हणाले. "आत्ता बरोबर आलाय."

"मग आधी सांगायचं ना," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा मान ताठ केली.

आता शिक्षकाच्या अंगात उत्साह संचारला. कोन खालून हवा म्हणून तो गवतात पालथा पडला. त्याच्या शेपटीत कुसळं अडकली, खिशातले राजगिऱ्याचे लाडू घरंगळत उताराला लागले, आणि ते पकडायला दोन मोठी माणसं रांगत निघाली. सासूबाईंनी एवढा वेळ कशीबशी मान धरली होती. आता त्या हसल्या. तोंड उघडून, हलणाऱ्या दातासकट, पैठणीचा पदर तोंडावर न घेता, पोट धरून हसल्या. सगळे कॅमेरे तेव्हाच वाजले. मागे सूर्य कधी बुडाला ते कोणी बघितलंच नाही.

चार दिवसांनी काकांनी त्यांचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. मी बघत राहिले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी या बाईला स्वयंपाकघराच्या ट्यूबलाइटमध्येच बघत आले होते. त्या इतक्या सुंदर आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"हसणारा कसा लावायचा गं?" सासूबाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, बाई मेल्याचा हिलाच आनंद झालाय."

तरी नवऱ्याने तो मोठा करून, फ्रेम करून आणला. कपाटात जपून ठेवू, असं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर फोटो हॉलच्या भिंतीवर. सासूबाईंनी सोसायटीच्या वॉचमनला बोलावून खिळा मारून घेतला होता.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी विरजण मागायला आल्या. फोटो बघताच त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला. मी काही बोलणार एवढ्यात सासूबाई विरजणाची वाटी घेऊन आतून आल्या. वहिनी मटकन सोफ्यावर बसल्या. त्यांना पाणी पाजून, वारा घालून, जिन्यापर्यंत पोचवून यावं लागलं.

परत आले तर नवरा कंबर धरून खुर्चीवर चढायच्या बेतात होता. "आई, हा फोटो काढून ठेवू. लोक घाबरतात. वेळ आली की लावूच ना आपण."

सासूबाई फोटोसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मेल्यावर तुम्ही बघत बसालच की. आधी मला बघू दे."