क्रूसाची पाठ

इझनिक शहर तुर्कांकडे गेल्यापासून पाथरवट कोस्मासने तीन मशिदी बांधल्या होत्या आणि एकही नवा दगड घडवला नव्हता. पडक्या चर्चांतले दगड उपसायचे आणि मापात बसवायचे, एवढंच काम उरलं होतं. त्या दिवशी ढिगाऱ्यातून क्रूस कोरलेली शिळा निघाली. तिच्यासमोरच त्याचं लग्न लागलं होतं.

"क्रूस तासून टाक, उस्ताद," मुकादम दुरसुन म्हणाला. "दुपारपर्यंत होईल."

"उलटी बसवतो. क्रूस भिंतीच्या आत जाईल."

"अरे, पाठ किती खडबडीत आहे! ती सारखी करायला चार दिवस जातील. गुडघे बघ स्वतःचे."

"चर्चपेक्षा बरे उभे आहेत अजून."

दुरसुन हसला. "बायको जाऊन सहा वर्षं झाली. ती काय बघायला येणार आहे?"

"नाही येणार. तरी चार दिवस दे."

दुरसुनने दिले. चौथ्या संध्याकाळी शिळा चुन्यात बसली आणि क्रूस अख्खाच्या अख्खा भिंतीत गेला. बाहेरची पाठ इतकी सुरेख घासली गेली होती, की दुरसुन तिच्यावरून हात फिरवत राहिला.

"छान! या भिंतीच्या उरलेल्या नऊ शिळाही अशाच कर," तो म्हणाला.

कोस्मास खालीच बसला.