साडेनऊ आट्यांचा स्क्रू

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही कुरखेड्याकडचं गाव सोडून बल्लारपूरला आलो. माझे यजमान सुताराच्या घरचे. हात इतका साफ की त्यांनी जोडलेल्या पाटात फट शोधून सापडायची नाही. पण शाळा दुसरीतच सुटलेली. मी मास्तरांची मुलगी, सातवी पास. गावाकडच्या लाकडाच्या डेपोवर करवतीचं मशीन दुरुस्त करायला बल्लारपूरचे एक मुसलमान टर्नर येत. त्यांचं काम पाहून ह्यांचं लाकडातलं लक्षच उडालं. घरच्यांशी बोलाचाली झाली, आणि सव्विसाव्या वर्षी हे स्टेशनमागच्या त्या टर्नरच्या वर्कशॉपात लेथवर लोखंडाचं कातकाम शिकायला उभे राहिले. त्या टर्नरना सगळे उस्ताद म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो.

हाताचं काम ह्यांना चटकन आलं. अडलं ते हिशेबाला. लेथवर स्क्रूला आटे पाडायचे, तर इकडे लोखंडाची सळई फिरते आणि तिकडे हत्यार पुढे सरकतं. एका फेऱ्याला किती सरकायचं, ते मध्ये लावलेल्या दातांच्या चाकांवर ठरतं. आता कॉम्प्युटरच्या मशीनला नुसता आकडा दिला की भागतं म्हणे. तेव्हा तोच आकडा चाकांचे दात मोजून द्यावा लागे. मशीनसोबत आलेला तक्ता वाळवीने खाल्ला होता. नेहमीचे हिशेब उस्तादांना तोंडपाठ, पण ह्यांना अपूर्णांक म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

मग सकाळी हे जेवायला बसले की मी चुलीजवळच कोळशाने जमिनीवर आकडे मांडायची. पाव, अर्धा, पाऊण. ह्यांचा घास हातातच राहायचा. न समजलं तरी रागवायचे नाहीत, फक्त "पुन्हा सांग" म्हणायचे. मला सांगायला आवडायचं. खरं म्हणजे लग्नानंतर कोणी मला काही विचारलं असेल, तर ते तेव्हाच.

एकदा राइस मिलवाल्याने जुन्या विलायती मशीनचा तुटलेला स्क्रू आणून दिला. मोजला तर इंचात साडेनऊ आटे. असला हिशेब उस्तादांच्याही पाठात नव्हता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कामासाठी घुग्घुसला गेले. ह्यांनी घरी येऊन मला विचारलं. हत्यार सरकवणाऱ्या लेथच्या मूळ स्क्रूला इंचात चार आटे, हे मला माहीत झालं होतं. चारास साडेनऊ म्हणजे आठास एकोणीस. पाचपट केली की चाळीस आणि पंच्याण्णव. तेवढ्या दातांची दोन्ही चाकं वर्कशॉपात होती. मी खुशीत सांगितलं, पंच्याण्णव आणि चाळीसची चाकं लावा.

दुसऱ्या दिवशी हे सळई घेऊन आले. तिच्यावरचे आटे अर्ध्या इंचाहून लांब लांब पडले होते.

"तू सांगतलं तसंच लावलं. काऊन असं झालं?"

कोणतं चाक कुठे बसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ह्यांनी माझ्या तोंडून आधी निघालेलं चाक वर लावलं होतं.

उस्ताद परतल्यावर ह्यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. हिशेब बायकोने केला हेही. मला वाटलं होतं, आता ही गोष्ट हसण्यावारी जाणार. पण रविवारी सकाळी उस्ताद स्वतः आमच्या दारात आले.

"बाई, हिसाब तुमचा बरोबर हाये," ते म्हणाले. "मशीन पाह्यलं नाई, एवढंच. चला."

वर्कशॉप बंद होतं. आत तेलाचा वास, आणि मी पदर घट्ट धरून उभी. मशीनवर दुसऱ्याच कामाची चाकं होती; उस्तादांनी सळई हाताने फिरवून दाखवली. सळईबरोबर फिरणाऱ्या वरच्या लहान चाकाचा पूर्ण फेरा झाला तरी हत्यार सरकवणारं खालचं मोठं चाक अर्धंसुद्धा फिरत नव्हतं. हत्यार हळू न्यायचं, तर चाळीसच वर हवं. मी तसं म्हटलं. उस्तादांनी ह्यांच्या हातात पाना दिला.

ह्यांनी चाकं बदलली, पट्टा चढवला. हत्यार सळईवर नुसती केसाएवढी रेघ ओढत गेलं. उस्तादांनी पट्टी लावून मला मोजायला सांगितलं. दोन इंचांत एकोणीस रेघा. मी पुन्हा मोजल्या. चुलीपाशी मी बोललेला आकडा लोखंडावर उमटला होता. माझे डोळे भरून आले, आणि मी ते तेलाच्या वासावर ढकललं.

पुढे उस्तादांनी मला नवा तक्ता लिहायला सांगितला. पुठ्ठ्यावर मी मराठी आकडे लिहिले आणि शेजारी त्यांनी उर्दू. हे तो रोज वाचत, आणि वर्षभरात निम्मा पाठ झाला.

नंतर हे मोठ्या कारखान्यात नोकरीची परीक्षा द्यायला गेले, तेव्हा साहेबांनी नेमका अडचणीचा हिशेब घातला. ह्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "साहेब, हात चालते माहा. ह्या आकड्याचं उद्या घरून विचारून सांगतो."

साहेबांना ती थट्टा वाटली. त्यांनी सळई दिली, काम पाहिलं आणि ह्यांना घेतलं. हे मात्र घरी आल्यावर टोपीसुद्धा न काढता चुलीपाशी बसले आणि तो हिशेब विचारू लागले.